मुडदा मदत मागेल

…वाचा, वाचा, मोठ्यानं वाचा, लाजता कशाला, पाटी माझ्याच हातची आहे — ‘पेटीतला मुडदा मदत मागेल. लक्ष देऊ नये. अँब्युलन्स बोलावू नये.’ — आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘गावसभेच्या हुकमावरून’. हुकूम मी बारीकच लिहितो, मोठा लिहिला की त्यांना वाटतं मी ऐकलं. बरं, ती टोपी जरा मागं सारा जोसलिनबाई — जोसलिनच म्हणालात ना? — चेटकिणीच्या टोपीला एवढं टोक असतं हे मला आत्ता खालून बघताना कळतंय, वाकलात की माझा डोळा जायचा. हां. आता दिसलात. कोलंबसहून आलात, कोपऱ्यावरचं पिवळं घर घेतलंत, महिना झाला, कुत्रा नाही, पोरं नाहीत, आणि हॅलोविनच्या संध्याकाळी शेजारच्या अंगणात शवपेटीत पडलेल्या म्हाताऱ्याशी गप्पा मारताय — शाबास, तुम्ही या गावात टिकाल. नाही, उठून हात नाही मिळवणार मी. मुडदा उठत नाही. उठला तर तो मुडदा कसला, मग तो नुसता वेंडेल क्रेब्स, आणि नुसत्या वेंडेल क्रेब्सला बघायला कोण येतंय?

आमचं हे दरवर्षीचं आहे, व्हर्नानं सांगितलंच असेल — ती काय, समोरच्या पोर्चवर झुलत्या खुर्चीत बसलीये ती, मांडीवर गोळ्यांचं भांडं घेऊन, एकेका पोराला एकेक गोळी अशी देते जशी काही स्वतःचा दात उपटून देतेय — ऐकतेय ती, मला माहितीये, ऐकू दे. तर पोरं येतात, भुताचे वेश करून, पिशव्या घेऊन, ‘गोळी नाहीतर खोडी’ असं ओरडत, आणि गोळ्यांचं भांडं असतं माझ्या छातीवर. म्हणजे घ्यायची तर पेटीत हात घालायला पाहिजे. आणि मी पडल्या पडल्या कण्हत असतो — बाळांनो, मी मेलो नाही रे, मला चुकून पेटीत घातलंय, कुणीतरी डॉक्टरला बोलवा रे, माझा डावा हात हलत नाही — आणि मग एखादं धीट पोर, म्हातारा खरंच रडतोय की काय बघायला वाकतं, की मी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलंच! किंकाळी अशी फुटते की तिकडं धान्याच्या कोठारावरची कबुतरं उडतात. तेच पोर पुढच्या वर्षी धाकट्या भावाला घेऊन येतं आणि त्याला म्हणतं, जा ना, जवळ जा, बिचारा रडतोय बघ. अशी ही शाळा चालते. या गावात आज ज्याला टक्कल पडलंय तोसुद्धा एकदा माझ्या हातात सापडून चड्डीत मुतलेला आहे, नावं सांगू का — नको, गावसभेचा अध्यक्षच निघेल पहिला.

पाटीचं म्हणाल तर ती एका विक्रेत्याची कृपा. खिडक्या विकत हिंडणारा माणूस, परका, माझं कण्हणं ऐकलं आणि खरं मानलं, वाकून बघण्याऐवजी सरळ फोन लावला. आमच्याकडं अँब्युलन्सवर पगारी माणसं नाहीत बाई, गावातलेच लोक, जेवणाच्या ताटावरून उठून आले, डुएन तर मक्याचं कणीस तोंडात धरूनच गाडी चालवत आला. आणि मी काय केलं? आता येवढे आलेच आहेत तर — डुएनचं मनगट धरलं. हसला नाही तो. सभा बसली, ठराव झाला, पाटी आली. आता गावात कुणी फसत नाही. फसायला तुमच्यासारखं कुणी बाहेरून यावं लागतं, म्हणून तर तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा मला इतका — असू दे.

काय म्हणालात? रंगरंगोटी छान जमलीये? आभारी आहे. कुठली पण? तोंडाचा हा डावा कोपरा, खाली ओघळल्यासारखा — अच्छा, तो जमलाय म्हणता. अं. मी तर नुसतं मक्याचं पीठ फासलंय तोंडाला आणि डोळ्यांभोवती चुलीतली काजळी. कोपऱ्याला काही केलेलं नाही. ओघळलाय का खरंच? लाळ पण? छान. म्हातारपणी चेहरा आपणहून सजतो बघा, खर्च वाचला.

तुम्हाला घाई नाही ना? ती बादली उलटी करा आणि बसा. बसा हो, पोरं काही फारशी यायची नाहीत. आता सगळी जातात चर्चच्या पटांगणात, तिथं गाड्या रांगेनं लावतात, मागच्या डिक्क्या उघडतात आणि डिक्कीतनं गोळ्या वाटतात — गाडीच्या डिक्कीतनं! उजेडात! आया बाजूला उभ्या! त्यात भ्यायचं काय, पेट्रोलचा वास? गेल्या साली माझ्याकडं किती आली विचारू नका. पण जी येतात ती चांगली येतात. मी शाळेत जाऊन सांगतो त्यांना दर ऑक्टोबरात, बाई मला वर्गात बोलावतात — मला, ज्याला सातवीत घरी बसवला — आणि मी नियम सांगतो. दारातला दिवा चालू असेल तिथंच जायचं. दिवा बंद असेल त्या घराची पायरी चढायची नाही, हाक मारायची नाही, खिडकीतनं डोकवायचं नाही. आत कुणी आजारी असेल, कुणाला दुःख असेल, आपण विचारायचं नाही, गुपचूप पुढं जायचं. पोरं मानतात हं. भुताखेतांचा सण आहे तो, भुतालासुद्धा रीत पाहिजे.

हे वेड कुठनं लागलं म्हणता? सगळे हेच विचारतात, आणि मी दरवेळी वेगळं सांगतो — वीज पडली, आजी चेटकीण होती, दाईनं मला उलटा धरला. तुम्हाला खरं सांगतो. का सांगतो? काय माहीत. आज जीभ जरा जड पडलीये पण थांबत नाहीये. पुस्तकानं लागलं. हसा. मला वाचता येत नव्हतं बाई, नऊ वर्षांचा घोडा झालो तरी, अक्षरं माझ्यासमोर आली की कोंबड्या सोडल्यासारखी पांगायची. बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलेला, हातात रंगीत खडू दिलेले, काढ काय काढायचं ते, फक्त गप्प बस. बाप डुकरं पाळायचा. त्याला वाटायचं बरं झालं, शिकला नाही म्हणजे डुकरं सोडून जायचा नाही. आणि दर गुरुवारी कोठारापाशी पुस्तकांची गाडी यायची — तालुक्याच्या वाचनालयाची, बसच, पण आत खुर्च्यांऐवजी फळ्या. त्यात मिस प्रुइट, बारा महिने सर्दी, नाकाला रुमाल. मी आत जायचो ते शेगडीच्या उबेला. तर एकदा सगळ्यात खालच्या फळीवर, स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या मागं ढकललेलं एक पुस्तक दिसलं, वर चित्र — एक माणूस, हातात कंदील, डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली तोंडच नाही. काढायचं राहिलंय असं नाही, मुळातच नाही. मी तिथंच बसलो. मला ते झेपतच नव्हतं की तोंड नाही तर तो बघतो कुठनं. आणि ते आत लिहिलेलं असणार! चित्रात नाही म्हणजे अक्षरांत असणार! आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की या कोंबड्या पकडल्याच पाहिजेत.

मक्याच्या कणग्यात बसून वाचलं, बोट ठेवून, एकेक अक्षर. हुशार पोरं काय, पाच मिनिटांत पान वाचतात, भितात आणि जेवायला जातात. मी एक वाक्य आठवडाभर भ्यायचो! ‘तो फाटकाशी आला आणि’ — संपला गुरुवार. ‘आणि’च्या पुढं काय ते कळायला मला रविवार उजाडायचा, तोपर्यंत तो कंदीलवाला आमच्या फाटकाशी उभाच. अशी भीती विकत मिळत नाही बाई. धाकटा भाऊ लेस्टर, त्याला वाचून दाखवायचो, एखादा शब्द अडला की मनचा घालायचो, त्याला काय कळतंय, तो माझ्या शब्दालाच जास्त भ्यायचा. लेस्टरचं — जाऊ दे, लेस्टरचं आज नको.

गोष्ट साधी होती. तो कंदीलवाला दिवेलागणीला गल्लीतनं निघतो. ज्या घरात दिवा दिसतो तिथं टोपी काढून मान लववतो आणि पुढं जातो. जिथं दिवा दिसत नाही तिथं आत शिरतो, आणि पलंगाच्या पायथ्याशी बसतो. बस. गळा दाबत नाही, रक्त पीत नाही, नुसता बसतो. आणि मग? मग काय हे कुणाला माहीत, कारण शेवट आमच्या डुकरिणीनं खाल्ला! खरंच! मी पुस्तक कुडाच्या कठड्यावर ठेवलं, पाण्याची बादली आणायला गेलो, परत येतो तर शेवटचं प्रकरण हिच्या तोंडात. पुढं आठवडाभर ती नीट झोपली नाही, म्हणजे शेवट चांगला असणार. मिस प्रुइटला नेऊन दाखवलं, वाटलं आता रडवणार. तिनं पुस्तक उलटंपालटं केलं, दोनदा शिंकली आणि म्हणाली, मग वेंडेल, शेवट आता तूच कर. मी म्हटलं, तुम्ही वाचलंय ना, सांगा ना शेवटी काय होतं. म्हणाली, मी सांगितला तर तो माझा होईल. सांगितला नाही बया, मरेपर्यंत सांगितला नाही.

तर त्या ऑक्टोबरात मी शेवट केला. आईची चादर, बापाचा कंदील, तोंडावर पीठ — आजच्यासारखंच — आणि डुकरांच्या कुडाशी उभा राहिलो, बाप खरकटं घेऊन येतोय. बाई, माझा बाप म्हणजे — त्याच्या तोंडावर कधी काही हलायचं नाही. आई आजारी पडली तेव्हा नाही, गारपीट झाली तेव्हा नाही. फळी. त्या फळीनं मला बघितलं, आणि काय तोंड झालं! डोळे, भुवया, ओठ, सगळं एकदम जागं झालं, आणि तो ‘आई गं’ म्हणाला — माझा बाप! — आणि उताणा खरकट्याच्या कुंडीत. मारला मला नंतर, पट्ट्यानं, पण मला ते काही लागलं नाही, मी आपला तेच तोंड आठवत होतो. हे आत होतं तर! म्हणजे माणूस आत असतो, फक्त बाहेर यायला कुणीतरी भिववायला पाहिजे. एवढंच माझं शिक्षण. त्याच्यावर सत्तर वर्षं काढली. हॅलोविन हा एकच दिवस आहे बघा की लोक मुखवटा चढवतात आणि खरं तोंड दाखवतात.

ऑर्लीन मात्र कधी भ्यायली नाही. माझी बायको. चार वर्षं झाली तिला जाऊन. लग्नाच्या पहिल्या रात्री मी कपाटातनं बाहेर पडलो, म्हणाली, पाय पुसून ये, धूळ आहे तिथं. ही पेटी आम्ही दोघांनी केली, फळ्या माझ्या, आतलं सॅटिन तिचं, उशी पण तिची, मुडद्याला कशाला उशी म्हटलं तर म्हणाली मुडद्याला नको, तुझ्या मानेला पाहिजे. आणि खेळ संपला, पोरं गेली, की पायरीवरनं उतरायची, पेटीच्या लाकडावर दोनदा टकटक करायची — उठ आता, सूप गार होतंय — आणि हात द्यायची. त्या हातानं मी उठायचो. एकट्यानं आत शिरणं जमतं हो, स्टूल घेतलं की जमतं. बाहेर निघायचं — त्याचा मी सकाळपासून विचारच केला नव्हता.

तर ते असं आहे जोसलिनबाई. आता जरा नीट ऐका, टोपी सांभाळून. मघाशी, तुम्ही यायच्या थोडं आधी, मी भांडं छातीवर ओढून घेतलं आणि डाव्या हाताला म्हटलं, चल, आणि तो आला नाही. मला वाटलं मुंग्या आल्या. मग पाय. डावा पाय असा झालाय जसं कुणी त्याच्यावर बसलंय. डोक्यात इथं, कानाच्या मागं, काहीतरी टिचल्यासारखं झालं, दुखलं नाही, नुसतं टिचलं. मी काही घाबरट माणूस नाही, म्हटलं पडून राहू, जाईल. ते काही गेलेलं नाही. उलट तोंडाचं तुम्हीच सांगितलंत. तेव्हा — कसं म्हणू — मी मेलो नाहीये, पण कुणीतरी डॉक्टरला बोलवा. माझा डावा हात हलत नाही.

हसू नका.

हसताय. हसा, मीसुद्धा हसलो असतो. शब्दन् शब्द तोच आहे ना? आता दुसरे शब्द कुठनं आणू बाई, मदत मागायचे जेवढे शब्द होते तेवढे सगळे मी खेळात वापरून टाकले, डावा हातसुद्धा! डावाच का ठेवला त्यात? कारण उजव्यानं पकडायचं असतं म्हणून! काय? व्हर्ना काय ओरडतेय? — ‘वाकू नका हो बाई, धरतो तो!’ — व्हर्ना, गप बस गं, मी खरंच — ‘दरवर्षी खरंच असतं त्याचं!’ — ऐकलंत? चाळीसेक वर्षं समोर राहते, तिच्या नवऱ्याच्या मातीला खांदा दिलाय मी. देऊन झाल्यावर पेटीतनं टकटक आवाज काढला होता, हे खरं आहे, पण खांदा दिला होता.

बरं, हे बघा, हा उजवा हात मी मागं ठेवतो, पाठीखाली, बघा, ठेवला. आता वाका. मला हात लावून बघा, डावा, गार आहे तो, खोटा गार करता येत नाही. नाही? उजवा पाठीखाली घेतला म्हणजे काहीतरी डाव आहे असं वाटतंय? बरोबर आहे. तुमच्या जागी मीही — फोन! फोन आहे तुमच्या हातात! लावा ना, तीनच आकडे — काय करताय? चित्रण करताय. माझं. बहिणीला पाठवणार. बहिणीला सांगा, नमस्कार म्हणावं. अहो, पाटीवर लिहिलंय ते मीच लिहिलंय, मीच सांगतो ते खोडा! मीच हुकूम मागं घेतो!

थांबा — गाडीचा आवाज. लाल पिकअप ना? डुएन! तोच, कणीसवाला, अँब्युलन्सवरचा, देवासारखा आला! थांबवा त्याला, हात करा — डुएन! अरे डुएन — काच खाली करतोय — ‘मेलास का रे वेंडेल?’ — ‘अजून नाही रे, रांगेत आहे!’…

गेला.

हे — हे मी म्हटलं? माझ्याच तोंडानं? अहो, तो दरवर्षी हेच विचारतो आणि मी दरवर्षी हेच म्हणतो, हॉर्न वाजवतो आणि जातो, तोंडातनं निघून गेलं हो, माझ्या आधी जीभ बोलली. अर्धं अंग गेलं आणि जीभ तेवढी शिल्लक ठेवली, आणि जिभेनं काय केलं बघा. हसताय. मीसुद्धा हसतोय. चांगला होता. म्हणजे विनोद म्हणून चांगला होता.

पाणी? नको. गिळता येईल असं वाटत नाही. तुम्ही बऱ्या आहात मनानं. तुम्हाला वाटतंय म्हातारा रंगात आलाय, त्याला साथ द्यावी. मग असं करा. साथच द्या. मदतीचं राहू दे, ते मी गमतीनं म्हणत होतो, झालं? आपण दोघं मिळून व्हर्नाला फसवू या. कसं? एकदम सोपं. माझ्या दारातला दिवा बघा, तो पिवळा. तो दिवा हॅलोविनच्या संध्याकाळी कधी विझलेला नाही, मी लग्न करून या घरात आलो तेव्हापासून. वादळात वीज गेली तर मी कंदील टांगला. ऑर्लीन गेली त्या वर्षी, पुरून आलो होतो दहा दिवसांमागं, व्हर्ना म्हणाली यंदा नको लावू रे, तरी लावला. तो विझला की ती म्हातारी खुर्चीतनं ताडकन उठेल. उठणारच. म्हणेल, वेंडेलचा दिवा? विझला? काहीतरी झालंय. धावत येईल, गुडघे धरत, आणि ती मला जवळनं बघेल, तिला माझं तोंड माहीत आहे, पीठ लावलेलं आणि न लावलेलं, तिला कोपरा बरोबर दिसेल — म्हणजे ती घाबरेल, असं म्हणायचंय मला, मजा येईल. दार उघडंच आहे, आत गेल्या गेल्या हाताशी कळ आहे. जा. जाल ना? शाबास! बघा, मदत मागितली तर हलत नव्हतात, खोडी म्हटल्यावर कशा उठलात! माझ्यासारख्याच आहात. पायरी दुसरी हलते, सांभाळून. टोपी चौकटीला लागेल. तीच कळ. खाली करा.

हां.

विझला. एवढा अंधार नव्हता मघाशी, आता वाटतोय. या, आता इकडं या, इथं बादलीवर बसा माझ्यापाशी, ती येईपर्यंत — अहो, तिकडं कुठं? स्वतःच्या पोर्चवरनं बघणार? नाही, इथनं जास्त मजा येते, इथनं — गोळ्या वाटायच्या राहतील म्हणता, तुमच्या दारात पोरं येतील, पहिलंच वर्ष आहे. बरं. जोसलिनबाई! अहो जोसलिन — हात हलवतेय. मीही हलवतो. उजवा.

आता उठेल. खुर्ची थांबली बघ तिची. उठली! व्हर्ना, ये गं, ये. ये म्हातारे, खाली उतर, तीन पायऱ्या आणि रस्ता, एवढंच — व्हर्ना? काय म्हणतेस? — ‘आलं एकदाचं शहाणपण! मी म्हणतच होते, वय झालं, बंद कर आता हे! झोप जा आत, पेटी सकाळी डुएनला सांगून उचलू!’ — सकाळी. अगं, मी आत नाही, मी इथंच — व्हर्ना — मोठ्यानं निघत नाहीये, जीभ — आत गेली. दार लावलं. तिनं पण दिवा घालवला. तिला आवडत नव्हतंच कधी, माझ्यामुळं बसायची.

पाय जड झालाय. पायथ्याशी जड झालंय सगळं.

कोण ते? पोरं. आली, पोरं आली! सांगाडा आहे एक, आणि त्याच्या मागं छोटी मधमाशी, पंख वाकडे झालेत तिचे. चर्चच्या डिक्क्या सोडून इकडं आली, माझ्याकडं. बाळांनो. इकडं. गोळ्या इथं आहेत रे, छातीवर, सगळं भांडं घ्या, नुसते वाका आणि — फाटकाशी थांबली. सांगाडा आत यायला बघतोय, ती त्याला मागं ओढतेय. काय म्हणतेय? — ‘दिवा बंद आहे. क्रेब्स आजोबांनी सांगितलंय ना. हाक नाही मारायची, विचारायचं नाही.’

हो. बरोबर आहे, मीच सांगितलंय. किती नीट लक्षात ठेवलंय पोरीनं.

जा बाळांनो. पुढच्या घरी जा.